यादीत ‘काले’, दारावर ‘काळे’: इंदूरच्या मराठी घरासाठी विधानसभा मतदानाची तयारी

१७ नोव्हेंबर २०२३. सकाळी सव्वासातला मी सासूबाईंना घेऊन बूथवर पोचले. त्या पहाटेच अंघोळ-पूजा आटोपून, ठेवणीतलं पातळ नेसून तयार बसल्या होत्या. टेबलावरच्या कर्मचाऱ्याने यादी दोनदा चाळली, नाव काही सापडेना. आम्ही ‘काळे’ म्हणत होतो आणि तो ‘क’ला ‘ळ’ जोडलेलं काही शोधतही नव्हता, कारण छापील यादीत ते अक्षरच नव्हतं. शेवटी घर क्रमांकावरून शोधलं. नाव होतं ‘काले’, मधलं नाव गायब, वयात तीन वर्षांचा फरक. मत दिलं, बोटाला शाई लागली, सासूबाई खूश झाल्या. पण शेजारच्या काकू मात्र तशाच परत गेल्या. त्यांचं नाव खरोखरच नव्हतं. जुन्या वाड्यातून मुलाच्या फ्लॅटवर राहायला गेल्या, तेव्हा जुन्या पत्त्यावरून नाव निघालं आणि नव्या पत्त्यावर घालायचं कुणाला सुचलं नाही. चाळीस वर्षं न चुकता मतदान केलेली बाई. त्यांचा तो चेहरा मला अजून आठवतो.

तेव्हापासून मी आमच्या गल्लीतल्या मराठी घरांची एक वही ठेवते. पुढचं सगळं त्या वहीतून आलेलं आहे. मध्य प्रदेशची सध्याची विधानसभा डिसेंबर २०२३ मधली, म्हणजे पुढची निवडणूक २०२८ च्या अखेरीस. वेळ भरपूर आहे असं वाटेल. पण त्यातलं बहुतेक काम यादीचं आहे, आणि यादीचं काम निवडणूक जाहीर झाल्यावर करायचं नसतं.

यादी आजच बघा

२०२५ च्या नोव्हेंबरपासून मध्य प्रदेशात मतदार यादीचं विशेष गहन पुनरीक्षण झालं. घरोघर गणना पत्रकं वाटली गेली आणि लोकांची नावं वीस वर्षांहून जुन्या यादीशी जुळवून पाहिली गेली. त्यामुळे ‘मागच्या वेळी नाव होतं, यंदाही असणारच’ हे म्हणणं आता सोडून द्या. पत्रक आलं तेव्हा तुम्ही घरात नसाल, भरून द्यायचं राहिलं असेल किंवा जुनी नोंद जुळली नसेल, तर नाव निघालेलं असू शकतं.

मतदार ओळखपत्र कपाटात आहे याचा अर्थ नाव यादीत आहे, असाही होत नाही. हा गैरसमज मला सर्वात जास्त घरांत भेटला. मत देण्याचा अधिकार यादीतल्या नोंदीने मिळतो. कार्ड फक्त ती नोंद तुमचीच आहे हे सांगतं.

दुसरा गैरसमज नगरनिगमचा. २०२२ च्या जुलैत आपण नगरनिगमसाठी मत दिलं म्हणून विधानसभेच्या यादीतही नाव असेलच, असं नाही. नगरनिगमच्या ८५ वॉर्डांची यादी राज्य निवडणूक आयोगाची, तर विधानसभेची यादी भारत निवडणूक आयोगाची. दोन वेगळ्या संस्था, दोन वेगळ्या याद्या. तुमचा वॉर्ड क्रमांक विधानसभेच्या कामात उपयोगी पडत नाही.

बघायचं कसं? निवडणूक आयोगाचं मतदार सेवा पोर्टल आहे, मोबाइलवर ईसीआयनेट ॲप आहे. तिथे तीन प्रकारे शोधता येतं: एपिक क्रमांकाने (म्हणजे मतदार ओळखपत्राच्या क्रमांकाने), नोंदवलेल्या मोबाइल क्रमांकाने किंवा नाव-वय-जिल्हा भरून. नेहमी एपिक क्रमांकाने सुरुवात करा. कार्डावरची तीन इंग्रजी अक्षरं आणि सात आकडे टाकले की ळ-लचा घोळ आड येत नाही. सापडलं की चार गोष्टी वहीत उतरवा: विधानसभा क्षेत्र, भाग संख्या, क्रम संख्या आणि मतदान केंद्राचं नाव. फोनवर फोटो काढून ठेवला तरी चालेल, पण मतदानाच्या दिवशी फोन आत नेता येत नाही, म्हणून कागद बरा.

विधानसभा क्षेत्र गृहीत धरू नका. इंदूर जिल्ह्यात नऊ जागा आहेत: देपालपूर, इंदूर-१ ते इंदूर-५, डॉ. आंबेडकर नगर-महू, राऊ आणि सांवेर. राजेंद्र नगर, लोकमान्य नगर, सुदामा नगर, रामबाग, स्नेहलतागंज ही नावं आपण एका दमात घेतो, पण क्षेत्राची सीमा कॉलनीचं नाव विचारून आखलेली नसते. राहतो इंदुरात म्हणून उमेदवार ‘इंदूर-अमुक’चाच असेल, असंही नाही.

ऑनलाइन जमत नसेल तर १९५० वर फोन करा किंवा आपल्या बीएलओला गाठा. बीएलओ म्हणजे बूथ लेव्हल ऑफिसर. बहुतेक वेळा जवळच्या शाळेतल्या शिक्षिका किंवा अंगणवाडीतल्या ताई असतात. त्यांचा फोन क्रमांक पोर्टलवर मिळतो. त्यांच्याशी आदराने वागा. आपल्या नोकरीखेरीज त्या हे काम करत असतात आणि उन्हातान्हात चार जिने चढतात.

ळ, माहेर आणि पुण्यातली मुलं

इंदूरच्या मराठी माणसाची नावं यादीत हरवतात, त्याची कारणं ठरलेली आहेत. इथली यादी हिंदीत असते. रोजच्या हिंदी लिखाणात ळ नाही, त्यामुळे काळे, साळुंके, पिंगळे, मुळे ही सगळी घरं ‘ल’खाली जातात. मधल्या नावाचाही असाच प्रश्न आहे. आपण नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव असं सलग लिहितो. इथल्या फॉर्मात नातेवाइकाच्या नावाचा रकाना वेगळा असतो. कुणी मधलं नाव पहिल्या रकान्यात घातलेलं असतं, कुणी दोन्हीकडे, कुणी कुठेच नाही. म्हणून नावाने शोधताना एकदा फक्त पहिल्या नावाने, एकदा आडनावासकट, एकदा ‘ल’ घालून बघा.

ऑनलाइन फॉर्म भरताना आणखी एक सापळा आहे. इंग्रजीत टाइप केलेलं नाव यंत्र आपोआप हिंदीत उतरवतं. दाते, माने, भावे, गोरे अशा आडनावांचं शेवटचं ‘ए’ त्याला नीट कळेलच असं नाही. तो हिंदी रकाना हाताने दुरुस्त करता येतो. तो वाचल्याशिवाय ‘सबमिट’ दाबू नका. अर्धा मिनिट लागतो.

मात्र ळ चा ल झाला म्हणून घाबरायचं कारण नाही. शुद्धलेखनाची किरकोळ चूक असेल आणि माणूस तोच आहे हे पटत असेल, तर मतदान अधिकाऱ्याने ती चूक बाजूला ठेवावी, अशा निवडणूक आयोगाच्या सूचना आहेत. ‘काले’ असलेल्या काळेंना मत देता येतं. अडचण एवढीच की नोंद सापडायला हवी, आणि ती सापडण्यासाठी भाग संख्या, क्रम संख्या जवळ हवी. आपलं नाव बरोबर लिहिलं जावं ही इच्छा मात्र मला रास्त वाटते. दुरुस्ती जरूर मागा.

सुनांची गोष्ट मी आवर्जून लिहिते. पुण्याहून, नाशिकहून, नागपूरहून मुलगी लग्न होऊन इंदूरला येते. आधार बदलतं, बँकेचं पासबुक बदलतं, गॅसच्या कार्डावर नाव चढतं. मतदार यादीतलं नाव मात्र माहेरीच राहतं, आणि पाच-सात वर्षं ती ना तिथे मत देते ना इथे. आमच्या गल्लीत अशा चौघी होत्या. तिने नव्याने नोंदणी करायची नाही, जुनी नोंद हलवायची. त्यासाठी आठ नंबरचा फॉर्म आहे आणि तो दुसऱ्या राज्यातून येतानाही चालतो. लग्नानंतर आडनाव बदललं नसेल तर बदलायची सक्ती नाही. नातेवाइकाच्या रकान्यात वडिलांचं नाव राहिलं तरी मत अडत नाही. नवं कार्ड हाती येण्याआधी मतदान आलं, तरी इथल्या यादीत नाव चढलेलं असेल तर पुण्याचं कार्डही ओळखीसाठी चालतं.

मुलांची गोष्ट उलटी. ती पुण्याला किंवा बंगळुरूला नोकरीत. त्यांना टपालाने मत देता येत नाही. ती सोय सैन्यातले, निवडणुकीच्या कामावरचे वगैरे ठरावीक लोकांसाठी आहे. कायदा ‘सामान्य निवास’ बघतो. शिकायला किंवा थोड्या काळासाठी बाहेर गेलेल्याचं घर इंदूरच राहतं, पण जो तिकडेच स्थिरावला त्याने तिकडे नाव हलवावं. इथे घर आपल्या नावावर आहे एवढ्यावर इथलं मतदार होता येत नाही. आणि दोन ठिकाणी नाव ठेवणं हा गुन्हाच आहे, खोटं घोषणापत्र दिल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ‘असू दे, पडून राहील’ असं आई-वडिलांनी म्हणू नये. मुलाशी स्पष्ट बोला: तू कुठला?

तो इंदूरचा ठरला तर तिकीट वेळेत काढायला लावा. २०२३ मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं आणि मतदान १७ ला. दिवाळीला आलेली मुलं भाऊबीज उरकून परत गेली आणि मतदान त्यांच्या मागे झालं. दोन दिवस जास्त राहिली असती तर जमलं असतं. त्याच निवडणुकीत आपल्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या शाजापूरचा निकाल २८ मतांनी लागला. अठ्ठावीस माणसं म्हणजे आमच्या गल्लीतल्या सात घरांइतकी.

फॉर्म कोणता

सहा नंबर: पहिल्यांदा नाव घालायचं असेल तर. सात नंबर: मयत किंवा कायमचं बाहेर गेलेल्याचं नाव काढण्यासाठी. आठ नंबर: पत्ता बदल, दुरुस्ती, हरवलेल्या कार्डाऐवजी नवं कार्ड, दिव्यांग असल्याची नोंद. परदेशात राहून भारतीय पासपोर्ट ठेवलेल्यांसाठी ६-अ आहे, मात्र मत द्यायला त्यांना स्वतः इथे यावं लागतं.

घरात सतरा वर्षांचं कुणी असेल तर आत्ताच लक्षात घ्या. पूर्वी फक्त १ जानेवारी ही तारीख धरायचे. आता वर्षाला चार तारखा आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्ज देता येतो आणि अठरा पूर्ण झाल्यानंतरच्या तारखेला नाव चढतं. निवडणूक नेहमीप्रमाणे नोव्हेंबरच्या सुमारास झाली तर १ ऑक्टोबर २०२८ पर्यंत अठरा पूर्ण झालेली मुलं मत देऊ शकतील. वयासाठी दहावीची मार्कशीट किंवा जन्म दाखला द्या. पत्त्यासाठी वडिलांच्या किंवा आईच्या नावचं वीज किंवा पाण्याचं बिल चालतं. भाड्याने राहणाऱ्यांनी भाडेकरार द्यायचा ठरवला तर तो नोंदणीकृत हवा. नोटरीच्या कागदावर विसंबू नका.

अर्ज दिला की संदर्भ क्रमांक मिळतो. तो वहीत लिहा आणि पंधरवड्याने बघा. बीएलओ तपासायला येतात, तेव्हा घराला कुलूप असेल तर अर्ज नामंजूर होऊ शकतो, म्हणून शेजाऱ्यांना सांगून ठेवा. नामंजूर झालाच तर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. इंदूरचं कलेक्टर कार्यालय मोती तबेल्यात आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या निर्णयानंतर तीस दिवसांच्या आत पुढचं अपील भोपाळला मुख्य निर्वाचन पदाधिकाऱ्यांकडे करता येतं.

शेवटची मुदत कायद्याने उमेदवारी अर्ज भरायच्या अखेरच्या दिवसापर्यंत आहे. २०२३ मध्ये तो ३० ऑक्टोबर होता. पण तपासणीला, सूचनेला दिवस लागतात. प्रत्यक्षात त्याच्या आठ-दहा दिवस आधी आलेले अर्जच वेळेत निकाली निघतात. माझ्या वहीत २०२८ साठी मी ३१ ऑगस्ट ही आमची शेवटची तारीख म्हणून लाल पेनाने लिहून ठेवली आहे.

मयतांचं नाव काढणं अवघड जातं. सासऱ्यांचं नाव काढायला मला दीड वर्ष धीर झाला नाही. पण ती नोंद तशीच राहिली तर त्यांच्या नावावर दुसरा कुणी मत देऊन जाऊ शकतो, हे मनात आलं तेव्हा सात नंबर भरला.

घरातले वयस्कर

८५ वर्षांच्या पुढच्यांना आणि चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना घरून मत देता येतं. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत १२-ड हा फॉर्म द्यावा लागतो. बीएलओ तो घरी आणून देतात, पण वाट बघत बसू नका, आधीच फोन करून ठेवा. मग ठरल्या दिवशी कर्मचारी घरी येतात, मतपत्रिकेवर मत घेतात, चित्रीकरण होतं, पण खूण करताना गुप्तता राखली जाते. एकदा १२-ड मंजूर झाला की त्या व्यक्तीला बूथवर मत देता येत नाही. ज्यांना बूथवर जायचा उत्साह आहे त्यांना विचारून घ्या. सासूबाईंना मी विचारलं, तर त्या म्हणाल्या, ‘घरी बसून कसलं मत गं? मी येणार.’ तो त्यांचा हक्क आहे.

बूथवर चाकाची खुर्ची आणि उतार असतो, वयस्करांना रांगेत थांबावं लागत नाही. दृष्टी नसलेल्या किंवा बटण दाबता न येणाऱ्या मतदारासोबत अठरा वर्षांवरचा एक सोबती आत जाऊ शकतो. त्याच्या उजव्या हाताच्या तर्जनीला शाई लावतात, कारण एका दिवसात एकाच मतदाराला सोबत करता येते.

उमेदवार कोण, ते कुठे वाचायचं

प्रत्येक उमेदवार अर्जासोबत फॉर्म २६ मध्ये शपथपत्र देतो. त्यात त्याच्यावरचे खटले, मालमत्ता, कर्ज, जोडीदाराची मालमत्ता, शिक्षण, प्राप्तिकर विवरणपत्रातलं पाच वर्षांचं उत्पन्न हे सगळं असतं. ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतं. ज्यांच्यावर खटले आहेत त्यांना ती माहिती वर्तमानपत्रात आणि टीव्हीवर तीनदा प्रसिद्ध करावी लागते. संध्याकाळी चहा घेताना घरातल्या सगळ्यांनी मिळून दोन-तीन शपथपत्रं वाचा. आम्ही मागच्या वेळी वाचली आणि अर्धा तास वाद घातला. प्रचाराच्या गाड्यांवरून ओरडून सांगितलेल्या गोष्टींपेक्षा ते वाचन कितीतरी उपयोगी ठरलं. मत कुणाला, ते मात्र ज्याचं त्याने ठरवायचं. सासऱ्यांनी सुनेला, मालकाने कामवाल्या ताईला सांगायचं नाही.

कामवाल्या ताईंचं नाव निघालं म्हणून सांगते: मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टीचा हक्क दुकान, कारखाना, कंपनी सगळीकडच्या कामगारांना आहे, रोजंदारीवरच्यांनाही. आपल्या घरी येणाऱ्या ताईला त्या दिवशी सुट्टी द्या आणि पैसे कापू नका.

पैसे, साड्या, दारू वाटताना दिसलं तर सी-व्हिजिल ॲपवरून फोटो किंवा चित्रफीत पाठवता येते, नाव न सांगताही. शंभर मिनिटांत दखल घेण्याची ती व्यवस्था आहे. उमेदवाराच्या गाडीतून बूथवर जाऊ नका. मतदारांना फुकट ने-आण करणं कायद्याने भ्रष्ट आचरण आहे.

आदल्या रात्री

एका पिशवीत वहीचं पान, ओळखपत्र आणि पर्ची ठेवा. बीएलओ घरी मतदाता पर्ची देतात. ती ओळखपत्र म्हणून चालत नाही. मतदार कार्ड नसेल तर आधार, पॅन, ड्रायव्हिंग लायसन्स, पासपोर्ट, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, फोटोसह पेन्शनचा कागद, मनरेगा जॉब कार्ड, दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड, सरकारी नोकरीचं ओळखपत्र यांपैकी कुठलंही एक मूळ कागदपत्र चालतं. फोटोकॉपी नको.

लवकर जा. इंदुरात मागच्या वेळी छप्पन दुकान या खाऊ बाजारातल्या व्यापाऱ्यांनी सकाळी लवकर मत देणाऱ्यांना पोहे-जलेबी दिली होती, त्यासाठी नसलं तरी रांगेसाठी लवकर जा.

बूथच्या आत

बाहेरच्या मदत कक्षात बीएलओकडे वर्णानुक्रमाची यादी असते. क्रम संख्या सापडत नसेल तर आधी तिथे जा, रांगेत उभं राहून मग शोधू नका. फोन बंद करून बाहेर जमा करा.

आत पहिला अधिकारी नाव आणि ओळखपत्र बघतो, मोठ्याने क्रमांक म्हणतो. दुसरा डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लावतो, रजिस्टरमध्ये सही किंवा अंगठा घेतो आणि चिठ्ठी देतो. तिसरा ती चिठ्ठी घेऊन यंत्र सुरू करतो. पडद्याआड हिरवा दिवा दिसला की यंत्र तयार आहे. आधी मान्यताप्राप्त पक्षांचे, मग नोंदणीकृत पक्षांचे, मग अपक्ष अशी नावं असतात, सोबत फोटो आणि चिन्ह. सर्वांत खाली ‘नोटा’, जो २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर आला. एका यंत्रावर नोटा धरून सोळा नावं मावतात, उमेदवार जास्त असतील तर शेजारी दुसरं यंत्र असतं. तेही बघा. चिन्हाशेजारचं निळं बटण दाबा. लाल दिवा लागतो, लांब ‘बीप’ येते आणि व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या, काचेआड तुमच्या उमेदवाराची चिठ्ठी सात सेकंद दिसते. ती बघितल्याशिवाय वळू नका. वयस्कर माणसं बटण दाबून लगेच निघतात. त्यांना घरीच हे सांगून ठेवा.

अडलं तर

चिठ्ठीवर दुसऱ्याच उमेदवाराचं नाव दिसलं तर तिथेच केंद्राध्यक्षांना सांगा. लेखी घोषणा घेऊन सर्वांसमोर चाचणी मत घेतलं जातं. तक्रार खोटी निघाली तर कारवाई होते, म्हणून डोळ्यांनी नक्की बघितलं असेल तरच बोला, आणि बघितलं असेल तर गप्प बसू नका.

तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तर वाद घालून परत फिरू नका. ‘निविदत्त मत’ द्यायचं आहे, असं शांतपणे सांगा. मराठीत याला प्रदत्त मत म्हणतात, पण इथे हिंदी शब्दच वापरा, तो अधिकाऱ्याला लगेच कळेल. ओळख पटल्यावर छापील मतपत्रिका मिळते, ती वेगळ्या पाकिटात ठेवली जाते आणि तुम्ही आलात याची नोंद राहते.

आणि उशीर झालाच तर: मतदानाची वेळ संपण्याच्या क्षणी जे रांगेत असतात, त्या सगळ्यांना क्रमांकाच्या चिठ्ठ्या दिल्या जातात, वाटप रांगेच्या शेवटच्या माणसापासून सुरू होतं. कितीही वेळ लागला तरी त्या सगळ्यांचं मत घेतलं जातं. कुणी ‘वेळ झाली, जा’ म्हणालं तर हलू नका. चिठ्ठी मागा.